जोकमधली जीप

नसबंदीचा एक तरी जोक आमच्या भागात प्रत्येकाला येतोच. हळदीच्या मांडवात, जिनिंगबाहेर कापसाच्या गाड्यांच्या रांगेत, दहाव्याला नदीवर कावळ्याची वाट बघताना, कुठेही एक जण सुरू करतो आणि बाकीचे पुढचं पूर्ण करतात. ज्यांचा जन्म 1990 नंतरचा, त्यांनाही येतात. आणीबाणी कोणत्या साली लागली हे त्यांना सांगता येणार नाही, जीप मात्र माहीत असते.

माझा धंदा धुळे जिल्ह्यातल्या शिरपुरात सबमर्सिबल मोटारी रिवाइंड करायचा. लिहिण्याचा नाद जुना आहे. गॅदरिंगच्या नाटुकल्या, यात्रेतल्या पोरांसाठी बतावण्या, आणि अलीकडे एका मित्राच्या चॅनलसाठी अहिराणी कॉमेडी. आणीबाणीला जून 2025 मध्ये 50 वर्षं झाली तेव्हा हा चॅनलवाला दुकानात आला, जळालेल्या मोटारीवर बसला आणि म्हणाला, "भाऊ, आपले नसबंदीवर एक एपिसोड करना शे. लोके पोट धरीसन हासतीन." त्याच्याकडे जोकांची यादी तयार होती. मलाही ते सगळे पाठ होते.

दोन इथे लिहितो, म्हणजे पुढचं कळेल.

एक असा. गावात जीप येते. नसबंदीवाले आले असं समजून सगळे पुरुष तुरीच्या शेतात पळतात. प्रत्यक्षात जीप असते पशुगणनेची. साहेब गोठ्या-गोठ्यातून बैल मोजत सुटतो, गावात माणूस म्हणून एक दिसत नाही. ओट्यावरच्या म्हातारीला विचारतो, "आजी, गावातली माणसं कुठे गेली?" म्हातारी म्हणते, "ज्यासनं व्हयेल शे, त्या गोठामा शेतस." (ज्यांचं झालंय, ते गोठ्यात आहेत.)

दुसरा असा. नवरदेव तयार, अंगाला हळद, डोक्याला बाशिंग. जीप येते आणि त्यालाच उचलून नेते. बँडवाल्यांना वाटतं वरात निघाली, म्हणून ते जीपच्या मागे वाजवत तालुक्यापर्यंत जातात.

हसायला येतं. मलाही दर वेळी येतं. आता शाह आयोगाकडे वळू. आणीबाणीतल्या अतिरेकांची चौकशी करायला मे 1977 मध्ये नेमलेल्या या आयोगाने अविवाहितांच्या नसबंदीच्या 548 तक्रारी नोंदवल्या आहेत. शस्त्रक्रियेशी जोडलेले मृत्यू 1,774. म्हणजे हळद लागलेला नवरदेव कोणाच्या डोक्यातून निघालेला नाही. बँडवाले तेवढे आमच्या लोकांनी जोडले.

बाकीचे आकडे भराभर सांगतो, कारण त्यांच्याशिवाय जोकाचं वजन कळत नाही. एप्रिल 1976 मध्ये केंद्राचं लोकसंख्या धोरण आलं. त्यात ऑपरेशनच्या मोबदल्याचे दर होते. दोन मुलांवर केलं तर 150 रुपये, तीनवर 100, चार किंवा जास्त असतील तर 70. संजय गांधींच्या कार्यक्रमात हा विषय सगळ्यात वर होता, आणि मुख्यमंत्र्यांची आकड्यांवरून चढाओढ लागली होती. 1976-77 या एका वर्षात देशात सुमारे 82 लाख नसबंद्या झाल्या, त्यांत 62 लाखांहून जास्त पुरुषांच्या. सगळ्या जबरदस्तीच्या होत्या असं कोणीही म्हणत नाही. पण रेशन कार्ड, कर्ज, पगार, बदली यांतलं काही अडवून धरल्यावर माणूस स्वतःच्या पायाने आला, तर त्याला राजीखुशी म्हणायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. आपला महाराष्ट्र तर एक पाऊल पुढे होता. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक विधिमंडळाने 1976 मध्ये मंजूर करून ठेवलं होतं. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून कायदा झाला नाही.

तर आमचा रेडू आबा.

पाच लेकरांचा बाप, कोरडवाहू कापूस, ज्वारी, दोन बैल. गावात त्याला रेडू म्हणायचे कारण नसबंदी करून घेतल्याबद्दल सरकारने त्याला रेडिओ दिला अशी दंतकथा होती. होळीच्या रात्री पोरं त्याच्या दारात बोंब मारायची, "रेडू शे, पन टेसन लागत नही!" लहानपणी हे वाक्य मीही ओरडलोय, अर्थ कळायच्या कितीतरी आधी. चॅनलवाल्याला हाच जोक एपिसोडच्या शेवटी हवा होता. आबा वारल्याला आता काही वर्षं झाली, त्यामुळे अडचण कोणाचीच नव्हती.

अडचण एवढीच होती की आबाच्या तोंडून मी तीच गोष्ट अनेकदा ऐकली होती, आणि आबाचा जोक गावाच्या जोकापेक्षा कितीतरी सरस होता.

आबा सांगायचा ते असं. कापूस वेचणीचे दिवस. सोसायटीचं कर्ज अडलेलं, सातबाऱ्याचा उतारा मिळेना. तलाठी म्हणे आधी कागद आण. कसला कागद? तो शाळेतल्या कॅम्पात मिळतो. कॅम्प तालुक्याला नव्हता, शेजारच्या मोठ्या गावच्या मराठी शाळेत होता. बाकं भिंतीला लावलेली, दोन टेबलं, पांढऱ्या चादरी, आणि फळ्यावर आदल्या दिवशीचा सुविचार तसाच. याच शाळेत आबा चौथीपर्यंत शिकला होता.

"चौथीमा मी नापास व्हयनू," आबा म्हणायचा, "आनि त्याच वर्गमा पास व्हयनू. सर्टिफिकीटबी भेटनं."

ते सर्टिफिकेट त्याने पत्र्याच्या पेटीत, लग्नपत्रिका आणि बैलांच्या पावत्यांमध्ये जपून ठेवलं होतं. पुन्हा कोणी पकडायला आलं तर दाखवायला. मी ते हातात घेऊन पाहिलंय. पातळ कागद, घड्यांवर फाटत आलेला, मधोमध गोल शिक्का, शाई जांभळी. वय 45 लिहिलेलं, जेव्हा आबा चाळिशीचाही नव्हता. मुलं पाच, रक्कम 70 रुपये. नावाच्या रकान्यात कारकुनाने गडबड केलेली. आधी आबाच्या वडिलांचं नाव आणि वडिलांच्या जागी आबाचं.

इथे आबा थांबायचा. विडी असली तर पेटवायचा. मग म्हणायचा, "म्हंजे कागदवर देखा ना, सरकारनी मना बापनी नसबंदी करी टाकी. मंग मी कथाईन उनू?" (मग मी आलो कुठून?)

असा जोक मला आजवर लिहिता आलेला नाही. त्यात कोणाला नामर्द म्हटलेलं नाही, अंगावर कुठे बोट ठेवलेलं नाही. एका कागदाने एक माणूस जन्मायच्या आधीच खोडून टाकला, एवढंच.

रेडिओचं विचारलं की वैतागायचा. "रेडू मना सासराना व्हता!" सासऱ्याने कापसाच्या पैशातून घेतलेला, जावयाला दिलेला. त्याच सुमारास घरात आला म्हणून गावाने दोन गोष्टींची गाठ मारली. काही ठिकाणी खरोखर रेडिओ, तुपाचे डबे वाटले गेले. आबाला मिळाले 70 रुपये. टाके पिकले, महिनाभर वेचणीला जाता आलं नाही, वेचणीला मजूर लावला, त्यात 70 रुपये गेले आणि वरून उधारी झाली.

आणि एक गोष्ट आबाने कधीच विनोदात घेतली नाही. पाचातलं धाकटं पोर पुढच्या वर्षाच्या पावसाळ्यात तापाने गेलं. ती गोष्ट सांगताना तो फक्त गोष्ट सांगायचा. वर्ष, महिना, कोणत्या वैद्याकडे नेलं, कोणी गाडी दिली, कोणी दिली नाही.

आता सायकलीवर येतो. आबाच्या गोष्टीत जीप नव्हती. गावाच्या प्रत्येक जोकात जीप असते, तिच्यात परगावचे साहेब, खाकीवाले, डागतर. आबाच्या गोष्टीत सकाळी सकाळी एक सायकल यायची, आणि तिच्यावर गुरुजी असायचे. गुरुजी म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना नाना म्हणायचो.

नाना झेडपीचे प्राथमिक शिक्षक. त्या काळात शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, सगळ्यांना केसेसचं टार्गेट होतं. "केस" हाच शब्द. किती केसेस झाल्या, केस पळाली, केस तयार आहे. पटावर पोरं आणि डोक्यात केसेस. केसेस नाहीत तर पगार नाही. नानांचा पगार काही महिने अडकला होता असं माय सांगते, आणि दुकानदाराची वही तेव्हा किती फुगली तेही. पहिली केस नानांनी स्वतःचीच दिली. आम्ही तीन भावंडं, मी शेवटचा, 1974 चा. म्हणजे नानांचे 100 रुपये. माझ्यामागे एक बहीण व्हावी अशी मायची फार इच्छा होती. ती अजूनही तिच्याबद्दल असं बोलते जसं ती सासरी नांदत असावी.

स्वतःच्या एका केसने टार्गेट भरत नाही. मग नाना सायकल काढून ओळखीच्या घरांत गेले. अनोळखी माणसाने सांगून कोणी ऐकलं नसतं. गुरुजींनी सांगितलं म्हणून आबा गेला. सायकल पुढे, आबा पायी मागे. "बोकड्यागत," असं आबा म्हणायचा, आणि हे तो नानांच्या देखत, आमच्याच ओट्यावर, आमच्याच घरचा चहा पीत म्हणायचा. नाना पेपरात डोकं घालायचे. दोघांचं येणं-जाणं शेवटपर्यंत होतं. एकमेकांच्या पोरांच्या लग्नात उभे राहिले.

शाळेत नानांना पोरं हिटलर म्हणायची. छडीमुळे. नानांना हे कळलं होतं आणि त्यांना ते आवडायचं. आपल्याकडे दर शाळेत एक हिटलर, दर पोलीस ठाण्यात एक हिटलर, कडक सासऱ्याला हिटलर. खारघरला 2006 मध्ये एका हॉटेलाच्या नावातच हिटलर टाकला होता, ओरड झाली तेव्हा नाव बदललं. आपल्याला त्यात वाईट काही वाटत नाही, कारण तो आपल्या गल्लीत आला नव्हता. त्याच हिटलरच्या सरकारने 14 जुलै 1933 ला सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला आणि त्याखाली सुमारे 4 लाख लोकांची ऑपरेशनं केली, ही माहिती मला फार उशिरा, नाना गेल्यावर वाचायला मिळाली. दोन्हींमागचे हेतू वेगळे होते, तिथला कायदा माणसांत चांगला वंश आणि वाईट वंश अशी वर्गवारी करणारा होता, त्यांची सरळ बरोबरी करायला मी जाणार नाही. पण टोपणनाव ठेवणाऱ्या त्या पोरांना कुठे ठाऊक होतं, की सर सकाळी सायकल घेऊन कुठे जाऊन येतात.

चार्ली चॅप्लिनने 1940 मध्ये हिटलरची टर उडवणारा 'द ग्रेट डिक्टेटर' काढला. पुढे 1964 च्या आत्मचरित्रात त्याने लिहिलं, की छळछावण्यांत खरोखर काय चाललंय हे तेव्हा माहीत असतं तर मी तो चित्रपट करूच शकलो नसतो. मोठ्या माणसाशी वाद घालायचा माझा वकूब नाही, पण मला वाटतं आतल्या लोकांचं उलटं असतं. त्यांना सगळं माहीत असतं आणि तरी जोक सुचतो. बर्लिनच्या कारखान्यात कामाला असलेल्या मारियान क्यूर्शनर या बाईने एक जोक सांगितला होता. हिटलर आणि त्याचा मंत्री गोरिंग रेडिओच्या मनोऱ्यावर उभे आहेत. हिटलर म्हणतो, बर्लिनच्या लोकांना आनंद होईल असं काहीतरी करावंसं वाटतंय. गोरिंग म्हणतो, मग इथून उडी मारा. एवढ्यावरून 1943 मध्ये तिच्यावर खटला झाला आणि पुढे तिचं मुंडकं उडवलं. आपल्याकडे गळे कापले नाहीत, सेन्सॉर बसवला. तरी 28 जून 1975 ला मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियात छोट्या जाहिरातींमध्ये कोणा 'डी.ई.एम. ओक्रसी' (जोडून वाचलं की डेमोक्रसी) नामक गृहस्थाच्या निधनाची बातमी छापून गेली. 26 जूनला वारले म्हणे. सेन्सॉरवाल्यांनी मयताची जाहिरात कशाला वाचावी?

चॅनलवाल्याचं म्हणणं होतं की 50 वर्षं झाली की कशावरही हसता येतं. आमच्या तालुक्यात याला चांगलं उत्तर आहे, थाळनेर. तापीकाठचा किल्ला, फारुकी सुलतानांची पहिली राजधानी, त्यांच्या कबरी अजून उभ्या आहेत. 27 फेब्रुवारी 1818 ला जनरल हिस्लॉपची फौज इथे आली. जानेवारीतल्या मंदसौरच्या तहात होळकरांनी खानदेशातले किल्ले इंग्रजांना देऊन टाकले होते. किल्लेदार तुळशीराम मामा ताबा द्यायला तयार नव्हता की त्याला पुरतं समजलंच नव्हतं, यावर अजून वाद आहेत. दरवाजात झटापट झाली, दोन इंग्रज अधिकारी मेले, आणि मग आतली सुमारे 300 माणसांची शिबंदी कापून काढली. किल्लेदाराला त्याच दिवशी फाशी दिलं. लंडनच्या पार्लमेंटात हिस्लॉपचे आभार मानायची वेळ आली तेव्हा थाळनेरवरून लोक त्याच्यावर तुटून पडले होते. आज तिथे काय आहे? बुरुजाची माती, बाभळी, आणि सूर्यास्ताला रील काढणारी पोरं. दोनशे वर्षं होऊन गेली, जोक एकही नाही. ओवी नाही, गाणं नाही, निदान माझ्या कानावर तरी आलं नाही. शिबंदी बहुतेक अरबांची होती, मरणाऱ्यांच्या बायका-पोरं इथल्या ओट्यांवर नव्हती. मग जोक करणार कोण?

आणि वर्षं मोजायचीच तर राईनपाड्याचंही विचारलं मी त्याला. साक्री तालुका, 1 जुलै 2018. बाजाराचा दिवस, मोबाइलवरून फिरणारी मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा, आणि भिक्षा मागत फिरणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं गर्दीने ठेचून मारली. धुळ्याच्या न्यायालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये सात जणांना जन्मठेप दिली. "याच्यावर करशील एपिसोड? अजून पंचवीस वर्षांनी?" चॅनलवाला काही बोलला नाही, मोबाइल बघायला लागला. त्याची मावशी तिकडे दिलेली आहे.

मला यातून एक दिसतं. जीप बाहेरून आली असेल तरच आम्हाला जोक सुचतो. जिथे गर्दी आमचीच होती, तिथे जोकच काय, साधी गोष्टही कोणी पूर्ण करत नाही. नसबंदीचे एवढे जोक आहेत त्याचं कारण तेच असावं, की प्रत्येक जोकात साहेब परका आहे. पण गावोगाव माणसं नेली कोणी? घरं कोणाला माहीत होती? कोणाची सोसायटी थकली, कोणाचा उतारा अडला, हे जीपमधल्या माणसाला कुठून कळणार? तलाठी आमचा, ग्रामसेवक आमचा, गुरुजी आमचे. पन्नास वर्षं गोष्ट तोंडोतोंडी फिरत राहिली आणि तिच्यातून सायकली गळून पडल्या. राहिली जीप. आबाच्या 70 रुपयांच्या जागी रेडिओ आला तसाच.

या जोकांची आणखी एक वसुली झाली, ती बायकांकडून. 1977 मध्ये सरकार पडलं, खात्याचं नाव कुटुंब नियोजनाचं कुटुंब कल्याण झालं, आणि पुरुषांच्या ऑपरेशनला पुढाऱ्यांनी पुन्हा हात लावला नाही. पुरुषाला सांगायला गेलं की तो "टेसन लागत नही" ऐकवतो आणि हसून मोकळा होतो. मग टार्गेट बायकांकडे वळलं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लग्न झालेल्या बायकांपैकी 37.9 टक्क्यांनी ऑपरेशन केलेलं, आणि पुरुषांचं प्रमाण 0.3 टक्के. खरं तर पुरुषांचं सोपं, भूल थोडी, दोन दिवसांत माणूस कामावर. छत्तीसगडमध्ये बिलासपूर जिल्ह्यात नोव्हेंबर 2014 मध्ये एका शिबिरात काही तासांत 83 बायकांची ऑपरेशनं उरकली, त्या शिबिरांनंतर किमान 13 बायका दगावल्या. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये अशी शिबिरं बंद करायला सांगितलं. माझी बायको, दोन्ही वहिन्या, मामी, सगळ्यांचं झालंय. मी मामीला विचारलं, बायकांच्या ऑपरेशनवर एखादा जोक असेल तर सांग. ती भाकरी थापत होती. "शे ना," म्हणाली, "डागतरनी इचारं, नवरानं काबरं (का) नही करं? मी म्हनं, तो आजारी पडी जाई." आणि स्वतःच खदाखदा हसली.

तो जोक मी उचललाय. तिला सांगून.

बतावणीचा एक जुना नेम आहे, तमाशा बघितलेल्या कोणालाही सांगायला नको. सरदार पुढे तोऱ्यात बोलणार, सोंगाड्या मागून त्याची हवा काढणार. सोंगाड्याने भिकाऱ्याची टर उडवली तर प्रेक्षक हसतो, पण त्या फडाला पुढच्या वर्षी सुपारी देत नाही. एपिसोड लिहिताना मी आबाला सोंगाड्या केला. रेडू म्हणून नाही, सर्टिफिकेटवाला म्हणून. सरदाराच्या जागी गुरुजी. जीप पूर्ण काढून टाकली. चॅनलवाला हवालदिल झाला, त्याने एका ओळखीच्याची जुनी विलीज ठरवून ठेवली होती, बयाणाही दिला होता. त्याचे पैसे बुडू नयेत म्हणून जीप पशुगणनेला ठेवली, म्हातारी आणि गोठा त्यात आले. नवरदेव राहिला, बँडवाले राहिले. बाकी सायकल.

गुरुजी कोणी करायचे यावर फार वेळ गेला नाही. मीच केले. नानांची पांढरी टोपी पेटीत होती, सायकलही माळ्यावर होती, चेन गंजलेली.

एपिसोड गेल्या महिन्यात टाकला. थोरल्या भावाचा पुण्याहून फोन आला, नानांची बदनामी केली म्हणून. तोही शिक्षकच होता, आता निवृत्त. म्हणाला, तुला माहीत आहे का पगार अडकला की काय होतं? म्हटलं, तेच दाखवलंय, दुकानदाराच्या वहीचा सीन आहे, पूर्ण बघ. त्याने तिसऱ्या मिनिटालाच बंद केलं होतं. आबाचा मोठा मुलगा दुकानावर येऊन गेला. मोटार आणली होती, पाच एचपीची, तिचं बोललो. जाताना म्हणाला की टाके पिकल्याचं दाखवलंस ते बरं केलंस, गावाला वाटतं बाप फुकटचा रेडिओ घेऊन आला.

मायने पूर्ण बघितला, दोनदा. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला मोबाइल नाकाला लावून बघावा लागतो. जोकांना हसली नाही, पण तिला दोन चुका सापडल्या. एक, नाना शाळेत धोतर कधीच नेसले नाहीत, पँट घालायचे. दुसरी म्हणजे, आबा जाताना सायकलीमागे पायी गेला हे खरं, पण मी त्याला येतानाही पायी दाखवलंय.

"येतांना तेले कॅरिअरवर आडा बसाडेल व्हता," ती म्हणाली. "तुन्हा बाप पायी, सायकल ढकली ऱ्हायंता. तीन कोस. रस्ताभर आबा तेले शिव्या दी ऱ्हायंता."

आबाने हे कधी सांगितलं नव्हतं, नानांनीही नाही. माळ्यावरच्या सायकलीचं कॅरिअर कधीच तुटून गेलंय. नवं बसवायला वेल्डिंगवाल्याकडे दिलंय. दुसरा भाग अखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर करतोय, त्यात परतीचा रस्ता आहे. शिव्या कोणत्या दिल्या असतील त्याची यादी मी आणि आबाचा मुलगा मिळून करतोय, त्याला बापाच्या बऱ्याच येतात.